रानडुकरासाठी झटका मशीन आणि ट्रेल कॅमेरा : गोव्याच्या डोंगरउतारावर काय टिकतं, काय नाही

सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण किंवा पेडण्यात जंगलाला लागून शेत असेल, तर रानडुकरापासून पीक वाचवायला बाजारात तीन प्रकारच्या वस्तू मिळतात : सौर झटका मशीन, रात्री फोटो काढणारा ट्रेल कॅमेरा, आणि आवाज, वास किंवा उजेडावर चालणारी यंत्रं. पहिली वस्तू घ्याच. दुसरी शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून घ्यावी. तिसरीवर पैसे घालू नका. आणि पहिली घेताना दुकानदार जे सगळ्यात मोठ्याने सांगतो, म्हणजे मशीनचे व्होल्ट, त्याकडे सगळ्यात कमी लक्ष द्या. कुंपण चालतं ते अर्थिंग आणि बॅटरीवर. आपल्याकडे बंद पडलेली बहुतेक कुंपणं मशीन बिघडल्यामुळे बंद पडलेली नसतात.

शिकारीचं काय?

या विषयावर बोलणं निघालं की पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून आधी त्याचं उत्तर. गोव्यात रानडुकराची हौसेने शिकार करता येईल अशी कायदेशीर जागा कुठेच नाही. अभयारण्यात नाही, राखीव जंगलात नाही, कोमुनिदादच्या, म्हणजे गावकीच्या सामाईक, जमिनीत नाही आणि स्वतःच्या काजूबागेतही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 9 ने शिकारीला मनाई आहे. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत (कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या यादीत) असलेलं रानडुक्कर तेव्हापासून दुसऱ्या अनुसूचीत आहे. कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दात फक्त गोळी घालणं येत नाही. फास लावणं, सापळा मांडणं, हाका करणं, आमिष टाकणं आणि यांतलं काहीही करायचा प्रयत्न करणं, हे सगळं त्यात येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाच गुन्हा म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, भगवान महावीर अशा अभयारण्यांच्या किंवा मोले राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत घडला, तर किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, वर किमान 25 हजार दंड. सत्तरीत आणि सांग्यात कितीतरी वस्त्या या हद्दींच्या आत किंवा अगदी काठावर आहेत, हे लक्षात ठेवा.

कायद्याने ठेवलेली वाट एकच आहे, कलम 11(1)(ख). दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नमूद करून, ठरावीक क्षेत्रापुरता, लेखी आदेशाने त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत उभं पीकही येतं. तोंडी परवानगीला काही अर्थ नाही. अर्ज परिक्षेत्र वन कार्यालयामार्फत करायचा. सोबत जमिनीचा एक-चौदाचा उतारा, कृषी कार्ड, तारीख-वेळ असलेले फोटो आणि पंचनामा जोडायचा. परवानगीने मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता ठरतं, ते घरी नेता येत नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना डुक्कर मेलं तर तो गुन्हा होत नाही, पण तेही सरकारचंच, आणि लगेच कळवायला हवं.

दोन गैरसमज सगळीकडे ऐकू येतात. पहिला, बिहारमध्ये 2015 साली आणि उत्तराखंडात 2016 साली रानडुकराला उपद्रवी ठरवलं, मग आपल्याकडेही चालेल. कलम 62 ची ती अधिसूचना केंद्र सरकार काढतं आणि ती ठरावीक प्रदेशापुरती, ठरावीक मुदतीपुरती असते. त्या दोन्ही एकेका वर्षाच्या होत्या. केरळने 2022 मध्ये पंचायतींच्या प्रमुखांना परवानगीचे अधिकार दिले, तेही केरळपुरतेच. दुसरा गैरसमज पीकसंरक्षणाच्या बंदुकीचा. तो परवाना जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आहे, शस्त्र कायद्याखालचा. बंदूक जवळ ठेवण्याचा तो परवाना आहे, जनावर मारण्याचा नव्हे.

फासकी, गावठी बॉम्ब आणि कुंपणात सोडलेली घरची वीज यांबद्दल एवढंच सांगायचं आहे की या तिन्हींना डुक्कर आणि दुसरं जनावर यांतला फरक कळत नाही. क्लचवायरच्या फासकीत बिबटा अडकतो, 230 व्होल्टच्या तारेवर गवा मरतो आणि पहाटे पाणी सोडायला गेलेला माणूसही मरतो. जानेवारी 2020 मध्ये सत्तरीतल्या गोळावलीला विषाने चार वाघ मेले. एकदा मांडून ठेवलेला मृत्यू कुणावर जाऊन पडेल हे मांडणाऱ्याच्या हातात राहत नाही.

डुक्कर कुठून येतं : कॅमेऱ्याआधी डोळे

कॅमेरा घेण्याआधी दोन सकाळी शेताच्या कडेने सावकाश फिरा. डुकराचा माग म्हणजे दोन बोथट खूर आणि त्यांच्या मागे, किंचित बाहेरच्या बाजूला, दोन छोट्या नख्यांचे ठसे. चिखलात हे चारही ठसे स्पष्ट उठतात. उकरलेली जमीन नांगराचं तास मारल्यासारखी लांबट असते, माती एका बाजूला लोटलेली. माती ओलसर आणि तुटलेली मुळं पांढरी असतील तर उकर रात्रीचाच. वहाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, लोळण्याची डबकी असतात आणि त्यांच्या जवळच्या झाडांच्या बुंध्यांवर चिखल घासलेला दिसतो. त्या चिखलाची उंची मोजा, आलेलं जनावर केवढं आहे ते कळतं. काटेरी तारेत अडकलेला केस राठ आणि टोकाला फाटलेला असला तर तो डुकराचाच.

साळिंदराशी गल्लत करू नका. लहान माडाचा बुंधा छिनीने तासल्यासारखा कुरतडलेला असेल तर ते साळिंदर. रोपच उपटून आतला कोंब आणि नारळ खाल्ला असेल तर डुक्कर. दोघांसाठी उपाय वेगळे आहेत. साळिंदर तारेखालून शिरतं आणि त्याच्या काट्यांमुळे झटका नीट बसत नाही.

डुक्कर शेतात सगळीकडून येत नाही. त्याच्या दोन-तीन ठरलेल्या वाटा असतात : गडग्याचे (दगडी कुंपणाचे) चिरे ढासळलेली जागा, वहाळाचं पात्र, करवंदाच्या जाळीतला बोगदा. कॅमेरा या वाटांवर लावायचा. शेताच्या मध्यावर लावलेला कॅमेरा फक्त नुकसान दाखवतो, येण्याची वाट दाखवत नाही.

ट्रेल कॅमेरा : काय बघून घ्यावा

सिम नसलेला साधा ट्रेल कॅमेरा पुरतो. सिमवाला महाग पडतोच, शिवाय म्हादईच्या खोऱ्यात किंवा नेत्रावळीच्या बाजूला रेंज नसली की त्याचा निम्मा उपयोग गेला. खोक्यावर छापलेल्या मेगापिक्सेलना भुलू नका. तो आकडा बहुतेक वेळा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. बघायच्या गोष्टी दोनच. हालचाल झाल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत हवा, नाहीतर फोटोत नुसती शेपटी येते. दुसरी, इन्फ्रारेड दिव्याची जात. 850 नॅनोमीटरचा दिवा लांब उजेड टाकतो, पण अंधारात मंद लाल ठिपका दिसतो. 940 चा दिसत नाही, पण त्याचा पल्ला कमी. डुकरासाठी 850 चालतो. माणसांनी कॅमेरा पळवण्याची भीती असेल तर 940 घ्या.

लावण्याची उंची जमिनीपासून 50 ते 60 सेंटिमीटर. माणसाच्या छातीच्या उंचीला लावला तर पिल्लं दिसतच नाहीत. वाटेपासून तीन ते पाच मीटर दूर, आणि वाटेला काटकोनात न ठेवता तिरका, म्हणजे जनावर जास्त वेळ चौकटीत राहतं. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. पूर्व-पश्चिमेला ठेवलात तर उगवता-मावळता सूर्य थेट सेन्सरवर येतो आणि कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं. पुढचं गवत दोन मीटरपर्यंत कापा, उन्हाने तापलेलं हलतं पान सेन्सरला जनावरासारखंच भासतं. एका वेळी तीन फोटो आणि मध्ये 30 सेकंदांची विश्रांती ठेवा. तारीख-वेळ आधी तपासा. वेळ चुकीची असेल तर पंचनाम्याच्या वेळी त्या फोटोंचं वजन कमी होतं.

उणिवा दोन. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी हवा आणि दगड जनावराच्या अंगाइतकेच गरम असतात. सेन्सर तापमानातला फरक ओळखतो, तो फरक कमी झाला की जनावर समोरून गेलं तरी कॅमेरा गप्प राहतो. त्या दिवसांत मध्यरात्रीनंतरचे फोटोच भरवशाचे. पावसाळ्यात काचेला आतून दमट धरतं. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी आत ठेवा, दर पंधरवड्याला बदला, आणि मागच्या फटीत मुंग्यांनी घर केलं नाही ना ते बघा.

कॅमेरा स्वतःच्या जमिनीतच लावायचा. राखीव जंगलात वन खात्याच्या परवानगीशिवाय नाही. वहाळावर बायका-मुलं येत असतील तर त्या दिशेने तोंड करून तर मुळीच नाही.

हातात धरायची, अंगाची उष्णता दाखवणारी थर्मल दुर्बीण आता इथेही मिळते. शेकडो मीटरवरचा कळप पांढऱ्या ठिपक्यांत दिसतो, फार छान दिसतो, पण एका शेतकऱ्याने त्या किमतीला घ्यावी अशी ती वस्तू नाही. निव्वळ रानडुक्कर बघण्याचीच आवड असेल त्यांनी खोतीगाव अभयारण्यात झाडावर बांधलेल्या मनोऱ्यावर, पाणवठ्याच्या वर, उन्हं कलताना शांत बसावं. ते बघणं कायदेशीर आहे, आणि डोळ्याला पुरेसं आहे.

रानात फिरताना एक काळजी घ्या. 2015 पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडीमुळे होतो. डिसेंबर ते मे या काळात काजूबागेत माग काढायला जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पॅंटचे पाय मोज्यांत खोचा, गोचीड पळवणारं तेल लावा, आणि घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका.

झटका मशीन : मुख्य परीक्षण

झटका मशीन म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून साधारण दर सेकंदाला एकदा, फार थोड्या वेळापुरता, उंच दाबाचा ठोका तारेत सोडणारं यंत्र. ठोका इतका आखूड असतो की स्नायू आखडतो, लगेच सुटतो आणि जनावर मागे सरकतं. घरची वीज सलग वाहते, धरून ठेवते, म्हणून मारते. या दोहोंतला फरक हाच.

डुकराचं अंग राठ केसांनी आणि वाळलेल्या चिखलाने झाकलेलं असतं. पाठीला तार लागली तर त्याला जेमतेम कळतं. कळतं ते नाकाला. रात्री ते जमिनीचा वास घेत येतं, ओलं मुसकट पुढे काढतं, अनोळखी तार दिसली की तिलाच हुंगतं. ठोका तिथे बसला तर ते किंचाळून जागच्या जागी मागे फिरतं आणि पुढचे कित्येक दिवस त्या वाटेला येत नाही. ठोका खांद्याला बसला तर तोवर डोकं आत गेलेलं असतं. दचकलेलं जनावर पुढेच उसळतं आणि तार घेऊन शेतात जातं. सगळं कुंपण या एका क्षणासाठी बांधायचं आहे. म्हणून पहिली तार जमिनीपासून 20 ते 25 सेंटिमीटरवर, दुसरी 45 ते 50 वर. गवे येत असतील तर तिसरी आणि चौथी तार त्यांच्या उंचीला लागते, आणि तो हिशोब पूर्ण वेगळा होतो. उंचसखल जमिनीवर खांब ठरावीक अंतरावर न रोवता खळगा आणि उंचवटा बघून रोवा, नाहीतर खळग्यात तारेखाली दीड फूट मोकळा राहतो आणि डुक्कर नेमकं तिथून जातं.

सामानाचा हिशोब असा. चौकोनी एक एकर म्हणजे परिघ साधारण 255 मीटर. दोन तारांना 510 मीटर. अडीच मिलिमीटरची जस्त चढवलेली तार एका किलोत साधारण 26 मीटर येते, म्हणजे जोड आणि ताण धरून 21 किलो घ्या. चार मीटरला एक खांब धरला तर 64 खांब, 128 इन्सुलेटर, वर मोडतोडीला दहा-बारा. लाकडी मेढी चालतात, मात्र पावसाने भिजलेली मेढ वीज गळवते, तेव्हा इन्सुलेटर चांगला हवा. सायकलच्या ट्यूबचे तुकडे इन्सुलेटर म्हणून वापरायची पद्धत आहे, ती सोडा. काळ्या रबरात काजळी असते, ओलं झालं की त्यातून वीज गळते. काटेरी तारेत झटका कधीच सोडायचा नाही. अडकलेला प्राणी किंवा माणूस सुटू शकत नाही, आणि सुरक्षेच्या मानकालाही ते मान्य नाही.

मशीन निवडताना ‘बारा हजार व्होल्ट’, ‘दहा किलोमीटर रेंज’ हे शब्द बाजूला ठेवा. तो आकडा तारेला काहीच लागलेलं नसतानाचा असतो. विचारायचं हे, की ठोक्याची ऊर्जा किती जूल? साठवलेली नव्हे, बाहेर पडणारी. 500 ओहमच्या भाराला (म्हणजे विजेच्या वाटेत तेवढा अडथळा असताना) पाच जूल ही मानकाने घातलेली वरची मर्यादा आहे. एक-दोन एकरांना एक ते दीड जूल भरपूर होते. आयएस 302 या भारतीय मानकाचा उल्लेख यंत्रावर नसेल, किंवा दुकानदाराला हा प्रश्नच कळत नसेल, तर ते मशीन घेऊ नका. तार तुटली किंवा दाब उतरला की वाजणारा भोंगा आत असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यावेत. रात्री मांगरात झोपलेल्याला त्याचा खरा उपयोग होतो.

आता जिथे पैसे वाया जातात ते बघू. तयार संचात बहुतेक वेळा 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासांची (बॅटरीत किती वीज साठते त्याचं हे माप) बॅटरी आणि 10 वॅटचं पॅनेल येतं. फवारणी पंपातली असते तीच ही बॅटरी. मशीन सरासरी पाव अँपिअर ओढतं असं धरा. चोवीस तासांत सहा अँपिअर-तास झाले. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे 7 ची बॅटरी खरी साडेतीनची. चौदा तासांत संपली. उन्हाळ्यात रोज भरते म्हणून हे लक्षात येत नाही. जुलैत चार दिवस आभाळ भरलेलं असलं की दुसऱ्या रात्री कुंपण मेलेलं असतं. गोव्यासाठी चार दिवसांचा साठा धरा : 24 अँपिअर-तास, त्याच्या दुप्पट 48. निदान 40 च्या खाली जाऊ नका. पॅनेल 40 वॅटचं. भर पावसाळ्यात दिवसाला दोन तासांइतकंच खरं ऊन धरलं तरी 80 वॅट-तास मिळतात, म्हणजे साडेसहा अँपिअर-तास, रोजच्या खर्चापुरते. 10 वॅटच्या पॅनेलला हे जमणं शक्य नाही. आठवड्यातून एकदा सकाळी बॅटरीचा दाब बघा. 12.2 व्होल्ट म्हणजे निम्मी उतरली. त्याखाली सतत राहिली तर पॅनेल छोटं आहे किंवा त्यावर माडाच्या झावळीची सावली पडते आहे.

आणि अर्थिंग. ठोका तारेतून जनावराच्या नाकात, तिथून पायांतून जमिनीत, आणि जमिनीतून परत मशीनकडे यायला हवा. ही परतीची वाट नसेल तर बारा हजार व्होल्टची तार हाताने धरली तरी फारसं काही होत नाही. आपली जमीन जांभ्याची. पावसाळ्यात ती चांगली वाहते, पण फेब्रुवारीनंतर वरचे दोन-तीन फूट कोरडेठाक होतात आणि परतीची वाट तुटते. कुंपण बसवणारे दीड फुटाची एक लोखंडी सळी ठोकून निघून जातात. ते ऑक्टोबरपर्यंत चालतं, आणि मार्चमध्ये, बोंडू पडायला लागले आणि वायंगण (उन्हाळी भात) पिकायला आलं की डुक्कर बिनदिक्कत आत येतं. मग लोक म्हणतात मशीन बोगस.

अर्थिंग असं करा. जस्त चढवलेल्या दीड-दोन मीटरच्या किमान तीन सळ्या, एकमेकींपासून तीन मीटर अंतरावर, एकाच तारेने जोडून. जागा मशीनजवळचीच हवी असं नाही. विहिरीच्या पन्हाळीजवळ, वहाळाकाठी, केळीच्या आळ्यात, जिथे बारमाही ओल असते तिथे ठोका आणि तिथून तार आणा. घराच्या किंवा पंपाच्या विजेच्या अर्थिंगपासून किमान दहा मीटर लांब. खाली कातळ लागून सळी जात नसेल तर तिरकी ठोका, किंवा कुंपणातच परतीची तार घाला : खालची तार झटक्याची, तिच्या वर एक तार अर्थिंगची, वर पुन्हा झटक्याची. डुक्कर मुसकट दोन तारांमध्ये घालतं तेव्हा दोन्ही लागतात आणि कोरड्या कातळावरही ठोका बसतो. कुळागरात, म्हणजे पाण्याखालच्या माड-पोफळीच्या बागेत, याची गरज पडत नाही, तिथे जमीन ओलीच असते. डोंगरउताराच्या काजूबागेला मात्र ही अर्थिंगची परतीची तार सोडू नका.

तपासणी दहा मिनिटांची आहे. साध्या मल्टिमीटरने मोजू नका, तो जळतो. कुंपणाचा टेस्टर वेगळा मिळतो, तोच घ्या. आधी शेवटच्या टोकाला दाब बघा, चार हजार व्होल्ट तरी हवेत. मग मशीनपासून शंभर मीटरवर, मशीन बंद करून, दोन-तीन लोखंडी सळ्या तारेला टेकवून जमिनीत रोवा आणि मशीन चालू करा, म्हणजे दाब दोन हजारांच्या खाली येईल. आता अर्थिंगच्या शेवटच्या सळीवर टेस्टर धरा. तीनशे व्होल्टपेक्षा जास्त दाखवला तर अर्थिंग कमी आहे, आणखी एक सळी ठोका. ही तपासणी मार्चच्या मध्यात करायची. ऑगस्टमध्ये प्रत्येकाचं अर्थिंग उत्तमच असतं.

पावसाळ्यातलं दुखणं उलट आहे. गवत. ओलं गवत खालच्या तारेला लागलं की प्रत्येक पात्यातून थोडी वीज जमिनीत जाते. कुंपणाखालचा दोन फुटांचा पट्टा दर दहा-बारा दिवसांनी कापावाच लागतो, यातून सुटका नाही. बसवतानाच खालच्या तारेला वेगळा खटका ठेवा. कापणी लांबली तर ती तार बंद करून वरची तरी जिवंत राहते. तारेला तांब्याची वायर थेट पिळून जोडू नका, जस्त आणि तांबं ओलाव्यात एकमेकांना खातात आणि महिन्याभरात जोड सैल होतो. क्लॅम्प वापरा. खाडीकाठच्या खाजन जमिनीच्या बाजूला, खाऱ्या वाऱ्यात, तारेचं जस्त लवकर जातं, तिथे दर वर्षी जोड तपासा. जमिनीखालून तार न्यायची तर घरातली वायर चालत नाही. तिचं आवरण इतक्या दाबाचं नसतं, आतल्या आत गळती होते आणि कुठे ते सापडत नाही.

पायवाट किंवा रस्त्याच्या बाजूला पिवळ्या पाट्या लावा, मराठी-कोंकणीत. मुलांना दाखवून सांगा. एका कुंपणाला दोन मशीनं जोडायची नाहीत, शेजाऱ्याचं वेगळं कुंपण असेल तर दोन्हींत किमान अडीच मीटर अंतर ठेवा.

बसवायची वेळ महत्त्वाची. कणसात दूध भरलं की वास लांब जातो आणि डुकराला शेताची चटक लागते. चटक लागलेलं जनावर झटका सोसूनही आत येतं. भात पोटरीत असताना, म्हणजे निसवण्याच्या पंधरा दिवस आधी, कुंपण उभं आणि चालू असावं. सुरण, कणगी, रताळी असतील तर लावल्या दिवसापासून. आणि उभं केलेलं कुंपण एक रात्रही बंद ठेवू नका. तार लागली आणि काही झालं नाही, हे डुक्कर एकदा शिकलं की तेच पिल्लांना शिकवतं.

बाकीच्या वस्तू

अल्ट्रासॉनिक यंत्राचा आवाज पाना-झुडपांतच विरतो आणि काही दिवसांत डुक्कर सरावतं. डांबरगोळ्या, फिनेल, न्हाव्याकडचे केस पहिल्या सरीपर्यंत. जुन्या साड्या दोन-तीन आठवडे, वाटा बदलत राहिलात तर थोडं जास्त. फटाक्यांनी कळप शेजारच्या शेतात जातो. कार्बाइडची पाइप-बंदूक हातात घेऊ नका, तिने डोळे जातात. साखळी जाळीचं कुंपण चांगलं, पण खालून फूटभर पुरलेलं किंवा चिऱ्याच्या पायावर बसवलेलं हवं, नाहीतर डुक्कर मुसकटाने उचलतं. चार फुटी, नीट सांधलेला चिऱ्याचा गडगा आजही सगळ्यांत खात्रीचा, ज्याला परवडेल त्याने तोच घालावा.

कुंपणासाठी कृषी खात्याची अनुदान योजना आहे. विभागीय कृषी कार्यालयात अर्ज आणि मंजुरी आधी, खरेदी नंतर, हा क्रम उलटा झाला तर बिल हातात राहतं. नुकसान झालंच असेल तर उकरलेली जमीन सारखी करू नका. त्याच दिवशी पट्टीसह फोटो काढा, शेतकरी आधार निधीचा (पीकनुकसानीच्या सरकारी भरपाईचा) अर्ज आणि वन कार्यालयाला लेखी खबर द्या, आणि पोचपावती घ्या. कलम 11 खाली अर्ज करायची वेळ आली तर याच पोचपावत्या आणि कॅमेऱ्याचे फोटो कामाला येतात.

कापणी झाल्यावर मशीन उतरवून घरी आणा, बॅटरी पूर्ण भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा भरा. तारा काढायची गरज नाही, पण मशीन नसताना पाट्या तशाच राहू द्या. वळवाच्या विजा सुरू झाल्या की गडगडाट असेल त्या संध्याकाळी मशीनची तार कुंपणापासून सोडवा आणि पाऊस ओसरला की झोपण्याआधी आठवणीने परत जोडा.